उन्हाचा निरोप

शेजारचं दुमजली घर पाडायला घेतलं, त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी पावणेआठला आमच्या मधल्या खोलीत ऊन आलं. मी पाय पसरून बसले होते, पायांवर रूपी, बाजूला वाटीत कोमट तेल. आधी कळलंच नाही काय झालं ते. या खोलीत चाळीसचा बल्ब दिवसभर जळत असतो. तो एकदम पिवळट, आजारी दिसायला लागला. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून, कट्ट्यावरून, उंबऱ्यावरून एक रुंद पट्टा सरळ आत आला आणि माझ्या गुडघ्यांवर, माझ्या मुलीवर पडला. तिनं डोळे घट्ट मिटले, मुठी आवळल्या, मान माझ्या पोटाकडे वळवली आणि असा टाहो फोडला की आतून माझ्या सासूबाई, अत्ते, ओरडल्या, "काय ग कल्पना, पाडलंस की काय पोरीला?" पाडलं नव्हतं. मी तिच्याकडे बघत होते. अकरा महिने मी या अंगाला रोज दोनदा तेल लावत होते आणि ते मला पहिल्यांदा दिसत होतं. छातीच्या दोन्ही बाजूंना, बरगड्या संपतात तिथे, मण्यांसारख्या गाठी होत्या, ओळीनं. मनगटं हातांहून रुंद होती, जणू कातडीखाली कुणी दोरा गुंडाळून ठेवलाय. आणि जिला सगळे गोरी गोरी म्हणत होते, माझी आई म्हणत होती, मी म्हणत होते, ती गोरी नव्हतीच. ती फिकट होती. खूप दिवस दगडाखाली राहिलेल्या गवताचा असतो तसा तो रंग होता. माझ्या हातांना या गाठी आधी लागल्या नसतील? लागल्याच असणार. हात तिथून पुढे सरकले असतील. मी उठून खिडकीला चादर बांधली नाही, एवढंच त्या क्षणी मी केलं. ऊन पंधरा-वीस मिनिटं राहिलं आणि निघून गेलं. तेवढा वेळ ती रडत होती.

आमचं घर चामराजपेटेत आहे, रेल्वेच्या डब्यांसारखं एकामागे एक खोल्यांचं. समोर बैठक, मग ही मधली खोली, मग स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि गच्चीवर जाणारा दगडी जिना. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी चिकटलेल्या, फक्त स्वयंपाकघराला पूर्वेकडे एक खिडकी, आणि तिच्यापुढे हातभर बोळ सोडून ते दुमजली घर. लग्न होऊन आले तेव्हा मला हा अंधार आवडला होता, हे आज सांगायला लाज वाटते. मी सोलापूरची. आमच्याकडे चैत्रात पत्र्यावर हात ठेवला तर फोड यायचा. वडिलांचा चादरींचा माग होता. सूत वाळत घालायला, राखायला, उलटायला मी, कारण धाकट्या दोघी उजळ होत्या आणि त्यांना उन्हात पाठवणं आईला नको वाटायचं. तू तर आहेसच, असं ती म्हणायची. त्यात दुष्टपणा नव्हता, हिशेब होता नुसता. मग माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा तीच आई डाळीचं पीठ आणि साय घेऊन रोज संध्याकाळी माझ्या चेहऱ्यावर असं घासायची की डोळ्यांत पाणी यायचं. पाच जण बघून गेले. सहावे हे, गिरीधर, बँकेत, बंगळूरचे, दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी खाली उतरलेल्या घराण्यातले, बोलण्यात निम्मं कानडी. सासूला अत्ते म्हणायचं हेही मला इथेच कळलं. बंगळूरला उतरले तर सकाळी नऊ वाजताही अंगावर शाल घ्यावीशी वाटली. रिक्षावाला म्हणाला, "ऊरु तुंबा कूल, अम्मा." गाव फार थंड, असं. मला वाटलं, सुटले. इथे कुणी उन्हात पाठवणार नाही मला. पहिल्या वर्षातच माझे हात कोपरापासून खाली उतरत उतरत उजळ झाले आणि मी ते बांगड्या सरकवून बघायची, कुणी नसताना.

रूपी पोटात असताना नवव्या महिन्यात सासरे गेले. सकाळी बँकेच्या पेन्शनीच्या रांगेतून चालत आले, पाणी मागितलं आणि गेले. म्हणून माहेरी जाणं राहिलं, आईच बाळंतपणाला इथे आली. जूनमध्ये रूपी झाली, आणि नर्सनं तिला वर धरून दाखवलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "अय्या, गोरी आहे" असा. मुलगी आहे की मुलगा, जिवंत आहे का, रडली का, यांतलं काही नाही. आईनं तर पंचा उघडून पायाच्या बोटांपर्यंत बघितलं. नाव रूपश्री ठेवलं ते त्याच भरात. महिन्यानं आई परत निघाली, स्टेशनवर जायला रिक्षा दारात उभी, आणि उंबऱ्यातून मागे वळून माझ्या कानाशी म्हणाली, "रंग सांभाळ ग हिचा. तुझ्यासारखं नको व्हायला." आणि सांभाळणं सोपं होतं, कारण घरच तसं झालं होतं. अत्त्यांनी सासऱ्यांच्या मागे वर्षभर बाहेरचा उंबरा ओलांडायचा नाही असं धरलं होतं. त्यांच्याकडे बाळाला सूर्य दाखवायचा एक विधी असतो, चौथ्या महिन्यात, आचार, म्हणजे भटजी, येतात, बाळाला अंगणात नेऊन वर धरतात, आणि तो होईपर्यंत बाळाला उघड्यावर न्यायचं नाही. पण घरात मृत्यू झालेला, वर्षभर शुभ काही करायचं नाही. "वर्षश्राद्ध झालं की करू," अत्ते म्हणाल्या. "स्वल्प थांबायचं." मी म्हणाले, "सरी अत्ते." बरं म्हणायचा हा शब्दही मी इथेच शिकले होते, आणि किती गुळगुळीत शब्द आहे तो, तोंडातून सहज सांडतो.

तिचे लंगोट वाळत घालायला मात्र मी रोज गच्चीवर जायची. डोक्यावर पदर ओढून, नाकापर्यंत, घाईघाईनं, जशी चोरी करायला जावी. दुपारी ते काढून आणायची तेव्हा कडक झालेले असायचे, गरम, त्यांना एक वास असायचा. जिन्यात उभी राहून मी त्यांत तोंड खुपसायची आणि का कुणास ठाऊक मला रडू यायचं. तेव्हा मला सारखंच रडू यायचं. भाजीची चव लागायची नाही. कमरेत, मांड्यांच्या हाडांत दुखायचं, उठताना भिंत धरावी लागायची, आणि अत्ते म्हणायच्या बाळंतपणाचं आहे, ओवा खा. खाली येऊन तो गरम कपडा मी रूपीला गुंडाळायची. तिला ऊन माहीत होतं ते एवढंच, कपड्यातून आलेलं, निवत चाललेलं. दिवाळीत ग्रहण होतं त्या सकाळची मला आठवण आहे. सगळ्या गल्लीनं खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली होती, रस्त्यावर एक बस नाही, पेपरवाला नाही, फेरीवाल्याचा आवाज नाही, सगळं शहर दारं लावून आत बसलेलं. अत्ते जप करत होत्या. मी रूपीला मांडीवर घेऊन बसले होते आणि कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं मला शांत वाटत होतं. आज सगळेच आमच्यासारखे बसले आहेत, असं वाटत होतं. दहा वाजता लोकांनी दारं उघडली, अंघोळी केल्या, मुलं ओरडत रस्त्यावर आली, आणि मला त्यांचा राग आला.

ऊन आलं त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही चौघं राजाजीनगरला गेलो. यांच्या बँकेतल्या कुणीतरी तिथल्या एक बालरोगाच्या डॉक्टरीण बाई सांगितल्या होत्या. वर्ष पुरं व्हायला अकरा दिवस उरले होते, तरी अत्ते उंबरा ओलांडून रिक्षात येऊन बसल्या, "पोरीसाठी चालतं" एवढंच म्हणाल्या. डॉक्टरीण बाई पिकल्या केसांच्या, कानडी, मराठी अर्धवट समजणाऱ्या. त्यांनी रूपीचं मनगट दोन बोटांत धरलं, छातीवरून अंगठा फिरवला, टाळू दाबून बघितली, दुधाला बसली की डोक्याला घाम येतो का विचारलं. येतो, मी म्हणाले. उशी भिजते. "उकडतं म्हणून येत असेल," अत्ते म्हणाल्या, "म्हणून तर आत गार ठेवतो तिला." डॉक्टरीण बाईंनी मान वर केली. "हे मूल कधी उन्हात गेलंय?"

"सूर्य दाखवायचा राहिलाय हो अजून. आमच्या घरात वर्ष चाललंय."

"सूर्य काय दाखवायला लागतो, अम्मा? तो असतोच की वर." आणि मग, हसू आवरून, त्या म्हणाल्या, "रिकेट्स."

त्यांनी तो शब्द उच्चारला आणि माझ्या डोळ्यांपुढे सातवीचं जीवशास्त्राचं पुस्तक आलं. अ कमी पडलं की रातांधळेपणा, क कमी पडलं की स्कर्व्ही, ड कमी पडलं की मुडदूस. ड जीवनसत्त्व कशापासून मिळते? सूर्यप्रकाशापासून. मला त्या पेपरात पंचवीसपैकी तेवीस होते. खाली एका पोराचं चित्र होतं, पाय कंसासारखे, पोट पुढे, आणि आमच्या वर्गातल्या मुली त्याला हसल्या होत्या. मीही हसले होते. सगळं मला ठाऊक होतं, पाठ होतं. एवढी वर्षं ते माझ्यात होतं आणि माझ्या मुलीपर्यंत ते पोचलं नाही.

डॉक्टरीण बाईंनी इंजेक्शन दिलं, कॅल्शियम लिहून दिलं, आणि रोज सकाळी अर्धा तास उघड्या अंगानं ऊन. मग माझ्या नडगीवर अंगठा दाबला. मी कळवळले. "तुलाही पाहिजे. आईच्याच हाडांत नाही तर मुलाला कुठून येणार? रडायला येतं ना उगीच?" मी यांच्याकडे बघितलं. हे बघत नव्हते. हे अत्त्यांकडे बघत होते. "मनगटं भरून येतील," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "पायांचं आत्ता सांगता येत नाही. ती उभी राहायला लागेल तेव्हा कळेल. कमान सुटली तर सुटली, नाही तर राहील जन्मभर. तुमच्यासारख्या शिकलेल्या घरात असं, म्हणजे कमाल आहे." यांनी तिथेच, नर्सच्या देखत, आवाज चढवला. "अम्मा, तुझ्या त्या सोवळ्याओवळ्यापायी. वर्ष, वर्ष, वर्ष. बाबा गेले तर पोरीनंही जायचं का?" अत्ते पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "आमच्यात असंच करतात रे. माझ्या सासूबाईंनी जे सांगितलं ते मी," आणि पुढे बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. आणि मला बोलण्यासारखं होतं.

दसऱ्याच्या चार दिवस आधी आमच्याकडचे आचार, हयवदनाचार, आले होते. अत्ते न्हाणीत होत्या. दार मी उघडलं. ओलं उपरणं खांद्यावर, हातात कुणाच्या तरी घरचं नारळाचं तबक, आत यायलाही वेळ नव्हता त्यांना. म्हणाले, "अक्कांना सांग. मी पंचांग बघितलं, मठात विचारलं. बाळाच्या सूर्यदर्शनाला वर्षाची आडकाठी नाही. तो संस्कार आहे, त्याच्या वेळेला झाला पाहिजे. हो म्हणून कळवलं तर विजयादशमीला सकाळी मी येतो, दहा मिनिटांचं काम. निरोप देशील ना, मगळे, पोरी?" मी म्हणाले, "सरी आचार, सांगते." दार लावलं. मधल्या खोलीत आले. रूपी झोपली होती, बल्बच्या उजेडात तिचं कपाळ मेणासारखं होतं, इतकं सुंदर, आणि मला दिसलं की उद्या तिला अंगणात नेतील, मग रोज नेतील, शेजारच्या बायका कडेवर घेऊन हिंडतील, आणि पाच वर्षांनी कुणीतरी म्हणेल आईवर गेली. अत्ते न्हाणीतून बाहेर आल्या, केस पुसत म्हणाल्या, "कोण होतं ग?" मी म्हणाले, "कुणी नाही, पत्ता विचारत होता एक जण." दसऱ्याला आचार आले नाहीत, निरोपाला उत्तर नाही म्हणजे घरच्यांना नको असेल, असं त्यांनी धरलं असणार. एवढंच. खोटं बोलायला पाणी गाळायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

डॉक्टरीण बाईंकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी रूपीला गच्चीवर नेऊ लागले. आधी ती रडायची, माझ्या मानेत तोंड लपवायची. मी तिच्या डोळ्यांवर हात धरायची आणि बोटांमधून थोडं थोडं आत येऊ द्यायची. आठव्या दिवशी तिनं स्वतः माझी बोटं बाजूला केली. गच्चीवरून मशिदीचा मिनार दिसायचा, नारळाची झाडं, पाण्याच्या काळ्या टाक्या, आणि शेजारच्या पडक्या घराच्या जागी मजूर पाया खणताना दिसायचे. दोन महिन्यांत तिथे तीन मजले उठणार होते आणि खालचं ते ऊन पुन्हा बंद होणार होतं. मी पदर खाली टाकून बसायची. पाठीवर, मानेवर ऊन घ्यायची. सोलापूर सोडल्यापासून असं बसले नव्हते. आणि मग एक लाजिरवाणी गोष्ट घडायला लागली. मला भूक लागायला लागली. झोप यायला लागली, खोल, काळी, स्वप्नाशिवायची. हाडांमधली ती ओली कळ हळूहळू सुकत गेली. एका सकाळी रूपीला मांडीवर उड्या मारायला लावत मी गुणगुणत होते, आणि माझाच आवाज ऐकून थांबले. मला कसलं सुख होत होतं? खाली अत्ते बसल्या होत्या, हे त्यांच्याशी एक शब्द बोलत नव्हते, ताट सरकवलं की उठून जायचे, आणि वर मी उन्हात बसून बरी होत होते. मनानं परवानगी दिली नव्हती. अंग त्याला विचारतच नव्हतं. झाडासारखं ते घेत सुटलं होतं. मी तिथून उठायला हवं होतं, खाली जाऊन बोलायला हवं होतं. मी आणखी दहा मिनिटं बसायची. मुलीसाठी, असं म्हणायची.

वर्षश्राद्धाला हयवदनाचार आले. पिंड झाले, ब्राह्मण जेवले, आणि निघताना पायरीवर चपला घालत ते अत्त्यांना म्हणाले, "पोरीचं ऐकून वाईट वाटलं, अक्का. मी दसऱ्यालाच सांगून गेलो होतो, आडकाठी नाही म्हणून. तुमच्या मनाला पटलं नसेल, असो." मी दारामागे होते. अत्ते एवढंच म्हणाल्या, "हौदु, आचार, हो. माझंच चुकलं." दोन दिवस मी पोळ्या लाटत असताना त्यांची पाठ बघायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मी रूपीला घेऊन जिन्याकडे निघाले तर त्या पहिल्या पायरीवर बसलेल्या.

"दसऱ्याला पत्ता विचारायला आला होता तो कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हणणार होते की विसरले, बाळंतपणात डोकं ठिकाणावर नव्हतं. ते खरंही वाटलं असतं. पण रूपी माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होती. "आचार होते, अत्ते. मी सांगितलं नाही."

"का?"

"काळी पडेल म्हणून."

त्या म्हणाल्या, "अय्यो, कल्पना. मी तुझ्या रंगाला कधी काही म्हणाले होते का ग?" मी आठवू लागले. बघायला आल्या तेव्हा, लग्नात, नंतर, भांडणात. नव्हत्या म्हणाल्या. एकदाही नाही. जिला मी घाबरत होते ती सासू मी माहेराहून बरोबर आणली होती.

"मी आज यांना सांगते," मी म्हणाले. "तुमच्यावर उगीच..."

"नको." त्यांनी हात वर केला. "तो माझा मुलगा आहे. बोलेल आज ना उद्या, नाही बोलला तर जेवतो तरी माझ्या हातचं. त्याला सांगून तू मोकळी होशील. मला तुला मोकळं करायचं नाही. पोरीला समजायला लागलं की तिला सांगायचं. तुझ्या तोंडानं. मी असेन, नसेन." मग गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या आणि रूपीला माझ्या कडेवरून काढून घेतलं. "आणि वर आता मी नेते हिला. तू स्वयंपाक बघ." त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढायला त्यांना पाच मिनिटं लागतात, एका हातात पोर आणि दुसरा भिंतीवर. मी खाली उभी राहून ते चढणं ऐकत राहिले.

तेव्हापासून त्याच नेतात. तिकडे तिसरा मजला उठला, मधल्या खोलीत पुन्हा बल्ब लागला. माझी भूक पुन्हा गेली आहे, नडगी पुन्हा दुखते, आणि मी कुणाला सांगत नाही. रूपी ऑगस्टमध्ये चालायला लागली. ती गच्चीवरच पहिल्यांदा चालली, मला नंतर कळलं, अत्ते जेवताना म्हणाल्या, "चार पावलं टाकली हं आज," यांना उद्देशून, आणि हे तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसले. मनगटं भरून आली आहेत. पाय नाहीत. गुडघ्यांशी बाहेर वळून घोट्यांशी पुन्हा आत येतात, मधे माझी मूठ मावते. उभी राहिली की मी मूठ घालून बघते. डॉक्टरीण बाई म्हणतात, आणखी वर्षभर वाट बघू. ती सावळी झाली आहे, गव्हाळहून पुढे, अगदी माझी. आज अत्त्यांनी तिला खाली आणून माझ्याजवळ दिलं तेव्हा तिचं डोकं तापलेलं होतं, केसांना उन्हाचा वास होता. अत्ते जाऊन आडव्या झाल्या. रूपी माझ्यासमोर उभी राहिली, आपल्या त्या दोन कंसांवर, हात माझ्या गालांवर ठेवून. तिला काही कळत नाही अजून. म्हणूनच मला वाटलं, सुरुवात करून बघावी. एकदा तरी तोंडातून काढून बघावं. मी म्हणाले, "रूपी, तुझ्या चौथ्या महिन्यात दसरा होता. आचार आले होते. दार आईनं उघडलं." तिला वाटलं गोष्ट आहे. ती खाली बसली, पाय पसरून, आणि पुढे काय म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.